कराडच्या रजिस्टरातली आमच्या वाड्यांची बाळं

मी पाटण तालुक्यात आरोग्य सेविका आहे. मीटिंगमध्ये उपजत मृत्यूंचा, म्हणजे मेलेल्या जन्मलेल्या बाळांचा, तक्ता निघतो, तेव्हा कोयनेच्या वरच्या अंगाच्या वाड्यांपुढे बहुतेक वेळा शून्य असतं आणि मोठा आकडा दिसतो तो कराडकडे. हे शून्य मला स्वस्थ बसू देत नाही. अडलेली बाई आम्हीच खाली कराडला पाठवतो. बाळ तिथे मेलेलं जन्मतं आणि कायद्याप्रमाणे नोंद, घटना जिथे घडली तिथेच होते. वाडी कोरी राहते, नाव कराडचं खराब होतं.

त्यात आमच्याकडची अर्धी घरं मुंबईला. सुनेची तपासणी तिकडे, बाळंतपण माहेरी. आठव्या महिन्यात ती येते, पण बरोबर कार्ड असेलच असं नाही. तिकडे बीपी वाढलेलं लिहून ठेवलेलं असतं आणि इकडे आम्ही पहिल्यापासून सुरुवात करतो. वाढलेलं बीपी, साखर, रक्त कमी असणं, पोटात बाळाची वाढ खुंटणं, जंतुसंसर्ग ही कारणं काही नवी नाहीत. ती वेळेवर कुणाच्या नजरेला पडतात, एवढाच गावागावातला फरक.

बाळ हातात घेतलं की बरंचसं तेच सांगतं. कातडी धड असेल, नुसतं झोपल्यासारखं दिसत असेल, तर ते कळा सुरू झाल्यावर गेलेलं असण्याची शक्यता जास्त. म्हणजे गाडी उशिरा आली, रस्ता लांबला, नाहीतर ठोके वेळच्या वेळी ऐकले गेले नाहीत. कातडी सुटलेली, सोललेली असेल तर ते आधीच, पोटातच गेलेलं. तिथे प्रश्न नऊ महिन्यांच्या देखभालीचा. मासिक अहवालात या दोन्हींचे रकाने वेगळे आहेत, ते विचार करून भरले पाहिजेत. संयुक्त राष्ट्रांच्या २०२०च्या अहवालात जगात वर्षाला सुमारे २० लाख उपजत मृत्यू धरले होते, त्यातले ४० टक्क्यांहून जास्त कळांच्या वेळचे. ही बाळं शेवटच्या काही तासांपर्यंत जिवंत होती.

देशादेशांची तुलना मात्र जपून करावी. आपल्या कायद्यात गरोदरपणाच्या २८ आठवड्यांपासून उपजत मृत्यू मोजतात, ब्रिटनमध्ये २४पासून.

आमच्या भागातलं एक कारण मला सगळ्यात जास्त सलतं, ते म्हणजे मशेरी. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि दिवसातून चार वेळा हिरड्यांना घासायची. बिडी ओढणारी बाई दिसली तर गाव नावं ठेवतं, पण मशेरीला कुणी व्यसन म्हणत नाही. पोटुशी पोरगी सांगते, "सिस्टर, लावल्याबिगर पोट साफ हुईना." सासू मागून मान डोलावते, तिच्याही हिरड्या काळ्या. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि वारेतून बाळाला मिळणारं रक्त कमी होतं. मुंबईतल्या गरोदर बायांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात मशेरीसारखी, धूर नसलेली तंबाखू वापरणाऱ्यांमध्ये उपजत मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट निघाला. एवढं असून किती तपासण्यांत विचारतात, "मशेरी लावतेस का?" "तंबाखू खातेस का?" असं विचारलं तर ती खरेपणानेच "नाही" म्हणते.

उपजत मृत्यूच्या नोंदणीच्या नमुना ३मध्ये आईचं राहतं गाव विचारलेलं असतं, मृत्यूचं कारणही विचारलेलं असतं. कारणापुढे "माहीत नाही" लिहून मोकळं होऊ नये. आणि तालुक्याने तक्ता काढावा तो आईच्या गावाप्रमाणे. मग कुठल्या वाडीला गाडी आधी लागते आणि कुठे मशेरीवर बोलायला हवं, हे समोर येईल.

आधी एक बाळ असं गेलं असेल तर पुढच्या खेपेला धोका वाढतो, म्हणून ते कळणं फार गरजेचं. पण सासू शेजारी असताना "कितवी खेप?" विचारलं की पोरी "पहिलीच" म्हणतात. म्हणून मी सासूला गोळ्या घ्यायला बाहेर पाठवते आणि मग पुन्हा विचारते.