आमची वाटचाल : कॅमेऱ्यासमोरचा अभिनय शिकवताना

कॅमेऱ्यासमोरच्या अभिनयाचे प्रशिक्षण देणारी आमची छोटी संस्था आम्ही दोघांनी सुरू केली. एक होते रंगभूमीवर आयुष्य घालवलेले ज्येष्ठ नट, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, आणि दुसरी मी. मी अभिनेत्री नाही. सहायक दिग्दर्शक म्हणून काम करताना बरीच वर्षे माझ्याकडे कंटिन्युइटीची जबाबदारी होती. नटाने कोणत्या शब्दावर पेला उचलला, चष्मा कोणत्या हातात होता, मान वळवण्याआधी तो थांबला की नंतर, याच्या नोंदी ठेवायच्या आणि पुढच्या शॉटला सगळे तसेच घडते आहे ना हे पाहायचे, असे ते काम. या कामात माणूस नटाकडे इतक्या जवळून आणि इतका वेळ पाहत राहतो की, नटाच्या अडचणी कधी कधी त्याच्याही आधी आपल्या लक्षात येऊ लागतात.

मला वारंवार दिसणारी अडचण एकच होती. नाटकात उत्तम काम करणारा नट सेटवर आला की पहिल्या मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळा प्रसंग सलग टिपणाऱ्या शॉटमध्ये, जीव ओतून काम करी. मग कॅमेऱ्याची जागा बदले, प्रकाशयोजना बदले, समोरच्या नटाचे क्लोज-अप आधी घेतले जात, आणि तीन-चार तासांनी याच्या चेहऱ्यावर लेन्स येई तेव्हा त्याच्यापाशी देण्यासारखे काही उरलेले नसे. समोरचा नट तोवर निघून गेलेला असला, तर लेन्सच्या कडेला लावलेल्या चिकटपट्टीच्या तुकड्याकडे पाहून त्याला आपले सर्वांत नाजूक संवाद म्हणावे लागत. कथेचा शेवट पहिल्याच दिवशी चित्रित झाल्याच्या नोंदीही माझ्या वहीत आहेत. या माणसांमध्ये प्रतिभेची उणीव मुळीच नव्हती. आपली शक्ती राखून कशी ठेवायची, तुकड्यातुकड्यांत विखुरलेला प्रसंग मनात सलग कसा धरायचा, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते, आणि सेटवर शिकवायला कोणाला वेळ नसतो. संस्था काढण्यामागचे कारण एवढेच.

पहिल्या तुकडीत १२ प्रशिक्षणार्थी होते, भाड्याने आणलेला एक कॅमेरा होता आणि एक मॉनिटर. १२ हा आकडा आम्ही विचार करून ठरवला होता. प्रत्येकाला दिवसातून किमान दोनदा कॅमेऱ्यासमोर उभे राहता आले पाहिजे आणि प्रत्येकाचा टेक, म्हणजे शॉटचा एकेक चित्रित प्रयत्न, सगळ्यांनी एकत्र बसून पाहिला पाहिजे, असा आमचा आग्रह होता, आणि यापेक्षा जास्त माणसे घेतली तर दिवस पुरत नाही. थोडी अधिक माणसे घेतली तर खर्चाची ओढाताण थांबेल, हे दरवर्षी हिशेबाच्या वेळी नव्याने दिसते; तरीही आम्ही १२ वरच थांबतो.

सकाळी सर शिकवत आणि दुपारी मी. पहिल्या दोन तुकड्यांतच या वाटणीतला दोष उघड झाला. सर सांगत की हात कुठे आहे याचा विचार करू नका, समोरच्याचे ऐका, बाकीचे आपोआप घडेल. दुपारी मी सांगे की मागच्या टेकमध्ये उजवा हात टेबलावर होता, तो याही टेकमध्ये त्याच शब्दावर तिथे गेला पाहिजे. आमची दोघांचीही सूचना बरोबर होती, पण त्या दोन सूचनांच्या मध्ये उभा असलेला विद्यार्थी गोंधळून जाई आणि शेवटी दोघांपैकी ज्याची भीती जास्त वाटते त्याचे ऐके. नेतृत्वाची पहिली चूक आम्ही तिथे केली होती. एकमेकांविषयी आदर आहे, तेव्हा वेगळे काही ठरवायची गरज नाही, असे आम्ही गृहीत धरले होते.

सरांनी तेव्हा मला मॉस्को आर्ट थिएटरच्या स्थापनेची हकिकत सांगितली. जून १८९७ मध्ये नट-दिग्दर्शक स्टॅनिस्लाव्हस्की आणि नाटककार नेमिरोविच-डान्चेन्को हे दोघे मॉस्कोत भेटले आणि सुमारे १८ तास बोलत बसले. त्या बैठकीत त्यांनी कलेची ध्येये तर ठरवलीच, पण अंतिम शब्द कोणाचा हेही ठरवून टाकले : संहितेच्या बाबतीत नेमिरोविच-डान्चेन्कोंचा आणि प्रयोगाच्या बाबतीत स्टॅनिस्लाव्हस्कींचा. पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये, ते थिएटर उभे राहिले. त्या दोघांचे संबंध पुढे पुष्कळ ताणले गेले, पण सुरुवातीलाच केलेली ती वाटणी मला फार प्रामाणिक वाटते. आम्हीही तसेच केले. नटाच्या मनात जे चालते, म्हणजे त्याची तयारी, भूमिकेचा विचार, समोरच्याशी नाते, त्याविषयी अंतिम शब्द सरांचा. चौकटीत जे दिसते आणि ऐकू येते त्याविषयी माझा. एकाच दृश्यावर दोघांनाही बोलायचे असेल तर आधी आपसांत बोलायचे आणि विद्यार्थ्यासमोर एकच सूचना जाईल असे पाहायचे.

तिसऱ्या तुकडीत मी स्वतःच ही वाटणी मोडली, आणि त्या दिवसाबद्दल मला आजही वाईट वाटते. मृत्यूची बातमी कळण्याचा प्रसंग होता. एका विद्यार्थिनीचे पाच टेक झाले होते, वेळ संपत आली होती आणि मला हवे ते चेहऱ्यावर येत नव्हते. मी कॅमेरा चालू ठेवून तिला तिच्या घरातल्या एका मृत्यूची आठवण करून दिली, जी तिने मला विश्वासाने सांगितली होती. सहावा टेक विलक्षण झाला. वर्गात कोणी बोलेना आणि मी ते यश समजले. ती दुसऱ्या दिवशी आली नाही. चार दिवसांनी आली ती हे सांगायला की त्या टेकमध्ये आपण काय केले हे तिला आठवत नाही, झोप लागत नाही आणि पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याची इच्छा उरलेली नाही. आम्ही तिचे पूर्ण शुल्क परत केले. त्याने काही भरून निघत नाही, हे मला ठाऊक होते.

या प्रश्नावर अभिनयशिक्षणाच्या इतिहासात मोठा वाद झालेला आहे. न्यूयॉर्कमध्ये १९३१ साली स्थापन झालेल्या ग्रूप थिएटरमध्ये त्याचे एक संस्थापक, दिग्दर्शक ली स्ट्रासबर्ग नटाच्या स्वतःच्या भावनिक आठवणींवर भर देत. १९३४ मध्ये त्याच थिएटरमधल्या अभिनेत्री स्टेला अ‍ॅडलर पॅरिसला स्टॅनिस्लाव्हस्कींना भेटल्या, काही आठवडे त्यांच्याबरोबर काम केले, आणि परतल्यावर त्यांनी सहकाऱ्यांना सांगितले की, खुद्द स्टॅनिस्लाव्हस्कींचा भर आता भूमिकेच्या परिस्थितीवर, कृतीवर आणि कल्पनाशक्तीवर आहे. वाद मिटला नाही. दोन्ही बाजूंनी मोठे नट घडले. माझे मत मात्र त्या घटनेनंतर पक्के झाले आहे. एखादा अनुभवी नट स्वतःच्या आठवणी स्वतःच्या जबाबदारीवर वापरत असेल तर तो त्याचा अधिकार आहे. शिक्षकाने कॅमेरा चालू असताना त्या आठवणींना हात घालणे हा अधिकाराचा गैरवापर आहे, कारण त्या क्षणी विद्यार्थ्याला नाही म्हणण्याची मोकळीक नसते. आमच्याकडे कोणत्याही शिक्षकाने विद्यार्थ्याच्या खासगी आयुष्यातला प्रसंग वर्गात आणायचा नाही, हा नियम तेव्हापासून आहे. त्याच वेळी आम्ही एक नवे पद निर्माण केले. या पदावरच्या व्यक्तीने शिकवायचे नाही, मूल्यमापनही करायचे नाही. विद्यार्थ्यांचे ऐकायचे, आणि गरज वाटली तर कोणाचाही वर्ग थांबवायचा. आमच्याएवढ्या लहान व्यवसायात न शिकवणाऱ्या माणसाचा पगार हा मोठा खर्च आहे. तो भागवण्यासाठी स्वतःचा कॅमेरा घेण्याचा बेत आम्ही दोन वर्षे पुढे ढकलला.

आमच्या कामाला खरे वळण मिळाले ते एका संकलकामुळे. ते मुळात एका आठवड्यासाठी, विद्यार्थ्यांच्या दृश्यांचे संकलन करून देण्यासाठी आले होते. पाचव्या दिवशी त्यांनी आम्हां दोघांना बसवून सगळी दृश्ये दाखवली, आणि आम्ही वर्गात ज्यांचे मनापासून कौतुक केले होते असे अनेक टेक त्यांत नव्हते. कुठे नट ऐन महत्त्वाच्या शब्दावर डोळे मिचकावत होता, कुठे नजर लेन्सच्या दोन्ही बाजूंना भिरभिरत होती, कुठे त्याने समोरच्याच्या क्लोज-अपवर आपले वाक्य चढवल्यामुळे दोघांचाही ध्वनी वापरता येत नव्हता. सर्वांत जास्त टेक गळले होते ते वेगळ्याच कारणाने : वाक्य संपताच नट भूमिकेतून बाहेर येत होता. ऐकणारा आणि बोलून थांबलेला चेहरा संकलकाला हवा असतो, आणि तोच आमच्या विद्यार्थ्यांनी दिलेला नव्हता. उलट, वर्गात आम्ही दुर्लक्षित केलेल्या एका अबोल मुलाचे तीन शॉट त्यांनी दृश्याचा कणा म्हणून वापरले होते, कारण तो काही न करता नुसता ऐकत होता.

हे तत्त्व जुनेच आहे. मॉस्कोत १९१९ साली सुरू झालेल्या चित्रपटविद्यालयात शिकवणारे लेव्ह कुलेशॉव्ह यांनी नटाचा एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांच्या शेजारी ठेवून दाखवले होते की, प्रेक्षक त्या चेहऱ्यात वेगवेगळ्या भावना वाचतो. हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पण आपल्याच विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर ते घडताना पाहिले तेव्हा वाटले की, अभिनय शिकवणाऱ्या संस्थेच्या नेतृत्वात संकलक नसावा हीच मुळात चूक आहे. सरांचा सुरुवातीला विरोध होता. नट कात्रीकडे पाहून काम करू लागला तर तो मोजूनमापून काम करील, ही त्यांची भीती निराधार नव्हती. आम्ही महिनाभर यावर बोललो. शेवटी असे ठरले की, संकलकांनी अभिनय कसा करावा याविषयी सूचना द्यायची नाही. विद्यार्थ्याला संकलनाच्या टेबलाशी बसवून त्याचे स्वतःचे टेक त्यालाच निवडायला लावायचे. तेव्हापासून आमच्या कार्यक्रमाची धुरा तिघांकडे आहे आणि अंतिम मूल्यमापनात तिघांची मते समान आहेत.

दुसरा एक नियम सरांनी आणला. प्रत्येक तुकडीच्या पहिल्या आठवड्यात सर्व शिक्षकांनी, मीसुद्धा, विद्यार्थ्यांसमोर एक दृश्य कॅमेऱ्यापुढे करायचे आणि ते सर्वांनी मिळून पाहायचे. पहिल्या वेळी सरांना जमिनीवरच्या मार्कपर्यंत, म्हणजे थांबण्याच्या जागेच्या खुणेपर्यंत, चालत येऊन थांबायचे होते. समोर ८५ मिलिमीटरची लेन्स होती, तिचे प्रकाश आत घेणारे छिद्र जवळजवळ पूर्ण उघडे होते. अशा वेळी दीड मीटर अंतरावर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम काही सेंटिमीटरांचा असतो. सर मार्कच्या वीतभर पुढे थांबले, आणि त्या अप्रतिम टेकमध्ये त्यांचे डोळे पूर्णपणे अस्पष्ट आले. वर्गासमोर त्यांनी तो टेक दोनदा पाहिला, उठले आणि म्हणाले, "चला, पुन्हा करू या. आणि मला पावले मोजायची पद्धत कोणीतरी दाखवा." एका एकोणीस वर्षांच्या मुलाने त्यांना मार्कपासून उलटे चालत येऊन पावले मोजायला शिकवले. त्यानंतर त्या तुकडीत चूक लपवण्याचा प्रयत्न कोणी केला नाही.

कामाच्या आश्वासनाविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण या व्यवसायातला सर्वांत मोठा मोह तोच आहे. मध्यंतरी एका संस्थेने आमच्यासमोर भागीदारीचा प्रस्ताव ठेवला. अभ्यासक्रम आमचा, आणि शुल्कात भूमिका मिळवून देण्याची हमी समाविष्ट. आम्ही नकार दिला. त्यानंतरच्या तुकडीत आमच्या निम्म्या जागा रिकाम्या राहिल्या आणि ते वर्ष आम्ही कसेबसे काढले. तरीही शुल्क घेणाऱ्याने भूमिकेची आशा विकू नये, या मतापासून आम्ही हललो नाही. भूमिकांसाठी नट निवडणारे कास्टिंग दिग्दर्शक आमच्याकडे शिकवायला येतात, सेल्फ-टेप, म्हणजे स्वतःच चित्रित करून पाठवायची ऑडिशन, कशी करावी, नजर लेन्सच्या किती जवळ ठेवावी, अनोळखी संहिता हातात आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय करावे, हे दाखवतात. पण अभ्यासक्रम चालू असताना आमच्या विद्यार्थ्यांची निवड त्यांनी करायची नाही, असे आम्ही त्यांच्याकडून लेखी घेतो. शिकण्याच्या जागी ऑडिशन चालू असेल तर विद्यार्थी चुका करायला धजत नाही.

दोन वर्षांपूर्वी सरांनी निवृत्त व्हायचे ठरवले. संस्थापकाच्या जागी कोणाला आणावे, यावर मी बराच काळ अडून राहिले होते. त्यांच्यासारखाच कोणी शोधण्याचा माझा हट्ट होता. सरांनीच मला अ‍ॅक्टर्स स्टुडिओची आठवण करून दिली. न्यूयॉर्कमधली ती अभिनयसंस्था १९४७ मध्ये एलिया कझान, चेरिल क्रॉफर्ड आणि रॉबर्ट लुईस यांनी सुरू केली, पण तिची ओळख ज्यांच्या नावाशी जोडली गेली ते ली स्ट्रासबर्ग संस्थापकांत नव्हते. ते १९५१ पासून तिचे कलात्मक संचालक होते. "आपण सुरुवात केली एवढाच आपला अधिकार," सर म्हणाले.

आमच्या दुसऱ्या तुकडीतली एक विद्यार्थिनी, जी पुढे सेटवर काम करत करत आमच्याकडे साहाय्यक शिक्षिका झाली, आज सरांच्या जागी आहे. आमच्या दोघांच्या परस्परविरोधी सूचनांमध्ये ज्या तुकडीची ओढाताण झाली, त्याच तुकडीतली ती आहे, आणि तिच्या निवडीत मला याचे महत्त्व सर्वांत अधिक वाटले. पहिल्याच बैठकीत तिने सांगितले, "ताई, संकलनाचा आठवडा आपण शेवटी ठेवतो. मला तो सुरुवातीला हवा आहे." मी विरोध केला. स्वतःचा चेहरा इतक्या लवकर आणि इतक्या बारकाईने पाहिला तर नवशिका नट आखडतो, असा माझा अनुभव होता. तिने शांतपणे उत्तर दिले की पहिल्या आठवड्यात विद्यार्थी स्वतःचे टेक पाहणारच नाहीत. आधीच्या तुकड्यांतल्या ज्यांनी लेखी परवानगी दिली आहे त्यांची न जोडलेली दृश्ये त्यांना द्यायची आणि त्यांनी ती जोडायची. विषय विद्यार्थ्याच्या तयारीचा होता, म्हणजे आमच्या वाटणीनुसार अंतिम शब्द तिचा. मी वेळापत्रक बदलून दिले.

या तुकडीचा पहिला आठवडा नुकताच संपला. १२ पैकी एकानेही अजून कॅमेऱ्यासमोर एक वाक्य म्हटलेले नाही. काल संध्याकाळी मी संकलनाच्या खोलीत डोकावले तेव्हा दोन मुली एकाच शॉटवर वाद घालत होत्या. एकीला तो नट वाक्य म्हणतो तिथे कापायचे होते, आणि दुसरी तिचा हात धरून म्हणत होती की थांब, त्याचे बोलून झाल्यावर तो काय करतो ते बघ.