तो बोलत नाही, मग कळतं कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ऑफिसातल्या नुकतं लग्न झालेल्या मुली, भाच्या, कधी त्यांच्या आयासुद्धा विचारतात, "तुमचे मिस्टर इतके अबोल. प्रेम आहे हे तुम्हाला कळतं कशावरून?"

बहुतेकींनी त्याआधी मोबाइलवर 'लव्ह लँग्वेज'ची, म्हणजे आपल्याला प्रेम कशातून जाणवतं याची, चाचणी सोडवलेली असते. ही कल्पना गॅरी चॅपमन या अमेरिकन पाद्र्याची, 1992 सालच्या पुस्तकातली. कुणाला कौतुकाचे शब्द लागतात, कुणाला निवांत वेळ, कुणाला भेटवस्तू, कुणाला कामात मदत, तर कुणाला स्पर्श. जोडीदाराचा प्रकार ओळखा आणि त्याला तेच द्या. 2024 साली मानसशास्त्रज्ञ एमिली इम्पेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरचं संशोधन तपासलं. प्रत्येकाचा एकच मुख्य प्रकार असतो, याला भक्कम पुरावा मिळाला नाही. विचारलं तर लोकांना पाचही हवंच असतं. मला नवल वाटलं नाही.

माझा नवरा प्रेम कामातून दाखवतो, हे शेजारचेही सांगतील. स्कूटरमध्ये पेट्रोल असतं, चाकात हवा असते, पावसाळ्याआधी माझा रेनकोट खुंटीवर आलेला असतो. मग चाचणीच्या हिशेबानं मीही त्याची कामं करायला हवीत, शर्टांना इस्त्री वगैरे. पण त्यानं तो सुखावत नाही, अवघडतो. त्याची आई सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलंसुरलं खायची. बाई आपल्यासाठी राबतेय असं दिसलं की त्याला अपराधीच वाटतं. त्याला हवं असतं वेगळंच: आपण केलेलं कुणाच्या तरी लक्षात आलं, हे कानांनी ऐकायला. "ब्रेक घट्ट करून आणलास ना? आज उतारावर भीती वाटली नाही," एवढं म्हटलं की स्वारी संध्याकाळभर गुणगुणत असते. म्हणजे देतो कामातून आणि घेतो शब्दांतून. त्या चाचण्यांमध्ये नेमकं हेच निसटतं. माणूस जे देतो तेच त्याला हवं असणार, असं आपण धरून चालतो.

मला स्वतःला सोबत लागते. भाजी निवडताना त्यानं समोर बसावं, फोन बाजूला ठेवावा. हे मी त्याला सरळ तोंडानं सांगितलंय. 'न सांगता कळलं पाहिजे' हा आपल्याकडचा हट्ट मला बिलकूल पटत नाही.

कामातून प्रेम दाखवतो म्हणणाऱ्याच्या घरातलं एकूण काम मात्र मोजून बघा. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची 97. आणि घरकामाला हात लावणारे पुरुषच साधारण चारात एक. त्यानं रविवारी केलेला चहा म्हणजे प्रेम आणि तिनं रोज केलेला म्हणजे नुसता चहा? अशा घरात आधी कामं वाटून घ्यावीत, प्रकारबिकार नंतर शोधावेत.

मी स्वतः काय बघते, तर हाक. 'हे बघ', 'ऐकलंस का' अशी किरकोळ. जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञानं नवविवाहित जोडप्यांचं निरीक्षण करून सहा वर्षांनी त्यांची पुन्हा चौकशी केली. जी अजून एकत्र होती ती अशा हाकांना शंभरातल्या 86 वेळा ओ देत असत. जी वेगळी झाली ती 33 वेळा. आमच्याकडची हाक म्हणजे "अगं, हे बघ" करत पुढे आलेला रेल्वे इंजिनाचा व्हिडिओ. मला इंजिनांत काडीचा रस नाही. तरी बघते, आणि घाट कुठला म्हणून विचारते. बहुतेक वेळा कसाऱ्याचा निघतो. मग मागून जोडलेली बँकर इंजिनं गाडीला चढावर कशी रेटतात, हे तो आमटी गार होईस्तोवर सांगत बसतो.