गिरनारच्या तीन खेपा

गिरनारहून, गुजरातमधल्या त्या दत्ताच्या डोंगरावरून, आलं की लोक आधी विचारतात, दर्शन झालं का? मग विचारतात, किती तास लागले? यंदा मला दोन्हींची उत्तरं धड देता येईनात, म्हणून लिहायला बसलो. मात्र यंदाचं सांगायचं तर १९८३ पासून सुरुवात करावी लागेल.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. मिरजेत तालमीत जायचो, अंगानं दांडगा होतो, आणि दर गुरुवारी सायकल मारत नरसोबाच्या वाडीला जायचो. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाच्या आसपास वाढलेल्या पोराला गुरू म्हणजे काय हे कुणी शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गाभाऱ्यात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेकडच्या दारानं बाहेर पडतं, आणि त्या पाण्यात डुबकी मारायला सगळं गाव लोटतं. आमच्या आजीच्या लेखी गुरू म्हणजे ते पाणी. आपण फक्त खाली उभं राहायचं.

मला जे गुरू भेटले ते मात्र शाळेत चित्रकला शिकवत. सगळे त्यांना अण्णा म्हणत. पहाटे साडेपाचला शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकून ते आसनं घ्यायचे. फी नव्हती. सतरंज्या झाडायची पाळी मात्र प्रत्येकाची. तरुणपणी ते लोणावळ्याला कैवल्यधामात शिकून आले होते आणि स्वामी कुवलयानंदांविषयी फार जिव्हाळ्यानं बोलत. कुवलयानंदांनी १९२४ मध्ये तिथे आश्रमासोबत प्रयोगशाळाही काढली. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळायची क्रिया, करताना मोठ्या आतड्यात हवेचा दाब वातावरणापेक्षा कमी होतो हे त्यांनी उपकरण लावून मोजलं आणि त्या पोकळीला आपल्या गुरूंचं, परमहंस माधवदासांचं नाव दिलं. अण्णा ही गोष्ट सांगायचे आणि हसायचे. "लोक गुरूच्या नावानं मठ काढतात. यांनी आतड्यातल्या पोकळीला नाव दिलं. याला म्हणायची भक्ती."

मी मंत्र मागितला. ते म्हणाले, "मंत्र पाहिजे तर वाडीला जा. माझ्याकडे श्वास आहे तेवढा." आणि श्वासाचंही फार काही नाही. घेताना जेवढा वेळ, सोडताना त्याच्या दुप्पट. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, नको. दोन वर्षं तेवढंच. तालमीत जोर-बैठकांचे आकडे मोजायची सवय असलेल्या मला हे अपमानास्पद वाटायचं.

त्या वर्षी माघात अण्णा आम्हा पाच पोरांना घेऊन गिरनारला निघाले. राजकोटपर्यंत मोठी गाडी, पुढे जुनागढपर्यंत मीटरगेज. जुनागढ गावातून तळेटीकडे, म्हणजे डोंगराच्या पायथ्याकडे, जाताना वाटेत अशोकाच्या शिलालेखाचा खडक लागतो. अण्णा तिथे अडकले ते अडकलेच. चित्रकलेचे मास्तर, त्यांना ब्राह्मी अक्षरांची वळणंच बघायची होती. एकाच खडकावर अशोकाच्या चौदा आज्ञा, पुढे इसवी सन १५० चा रुद्रदामनाचा संस्कृत लेख, त्यानंतर तीनशे वर्षांनी स्कंदगुप्ताच्या काळातला. यांतले शेवटचे दोन लेख जवळच्या सुदर्शन तलावाच्या फुटलेल्या बांधाबद्दल आहेत. रुद्रदामनानं दुरुस्त केला, तो पुन्हा फुटला, पुन्हा बांधला. अण्णा म्हणाले, "हे वाचा. ज्याला ज्याला सराव मोडल्याचं वाईट वाटतं त्यानं हे वाचावं." आम्हाला भूक लागली होती. आम्ही वाचलं नाही.

पहाटे चारला तळेटीच्या भवनाथहून चढायला लागलो. पायऱ्या दहा हजारांच्या आसपास. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव असं सांगायची पद्धत आहे. अण्णांनी शिकवलं ते एवढंच : दोन पायऱ्या श्वास घ्यायचा, चार पायऱ्या सोडायचा. बोलायचं नाही. बाजूनं "जय गिरनारी" म्हणत उतरणाऱ्यांना नुसते हात जोडायचे. डोलीवाले उलट आमच्यापेक्षा वेगानं चढत होते, डोलीत माणूस बसलेला असताना. त्यांचा दर माणसाच्या वजनावर ठरतो. तळेटीला काट्यावर उभं राहायचं, मगच भाव. जैन देरासरांपाशी, म्हणजे मंदिरांपाशी, उजाडलं. तीर्थंकर नेमिनाथांच्या मंदिराचे घुमट धुक्यातून वर आलेले. तिथून अंबामातेचं मंदिर, म्हणजे साधारण निम्मी वाट. पुढे गोरक्षनाथांचं शिखर, तिथून खाली उतरून पुन्हा उभी चढण, आणि मग दत्तशिखर. अंबाजीपासून नजर टाकली की पुढची दोन्ही शिखरं एकामागं एक दिसतात. वाऱ्यानं कान बधिर झाले होते. मी सगळ्यांत पुढे होतो. श्वास शाबूत, पाय शाबूत. मनात म्हटलं, आज दत्तमहाराजांच्या पायावर डोकं ठेवायचं.

अण्णा अंबामातेच्या मंदिराच्या ओट्यावर बसले. चौघांना म्हणाले, "तुम्ही जाऊन या. कमंडलू कुंडावर प्रसाद घ्या." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू थांब. तू माझ्याबरोबर उतर. आज इथपर्यंत."

का, ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. तेव्हा विचारायची रीत नव्हती.

पाच हजार पायऱ्या आम्ही दोघं उतरलो. उतरताना अण्णांनी माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला, तो तळेटीपर्यंत काढला नाही. चांगला जड हात. मी रडत होतो, पण हळूहळू रडणं थांबलं. माझी समजूत पटत गेली. मी पुढे पुढे धावत होतो, तालमीचा माज होता, तो त्यांनी ओळखला. शिखर समोर दाखवून मागे फिरवलं. आणि फिरवलं ते खांद्यावर हात ठेवून. लोक आयुष्यभर मंत्रासाठी वणवण करतात, मला गुरूंनी चार तास स्पर्श दिला. दीक्षा याहून वेगळी काय असते?

पुढची सव्वीस वर्षं मी या समजुतीवर काढली, आणि खोटं कशाला बोलू, चांगली काढली. बँकेत लागलो, बदल्या झाल्या, लग्न झालं, मुलं झाली. कुठल्याही गावात, कुठल्याही खोलीत, पहाटेची सतरंजी चुकली नाही. पतंजलींनी अभ्यासाला तीन अटी घातल्या आहेत, दीर्घ काळ, खंड न पडता आणि आदरानं. पहिल्या दोन मला जमल्या असत्या, तिसरी त्या हातामुळे जमली. कुणी वरचढपणा केला, बढती हुकली, घरात शब्दाला शब्द लागला, की डाव्या खांद्यावर वजन जाणवायचं. आज इथपर्यंत.

गिरनारला मात्र गेलो नाही. १९९१ साली एकदा धीर करून अण्णांना विचारलं, "अण्णा, आता गिरनार करू का?" ते पेन्सिलीला टोक करत होते. म्हणाले, "जा की. रजा मिळतेय का?" मला वाटलं, ही पण परीक्षाच. नाही गेलो.

अण्णा २००९ च्या पावसाळ्यात गेले. तेराव्यानंतर महिन्याभरानं त्यांच्या पत्नीला, माईंना, भेटायला गेलो होतो. माई पालेभाजी निवडत बसल्या होत्या. बोलता बोलता गिरनारचा विषय निघाला आणि मी पहिल्यांदाच कुणाला तरी ती सगळी हकिकत सांगितली. माज, शिखर, खांद्यावरचा हात. माईंनी भाजी बाजूला ठेवली.

"अरे, यांच्या गुडघ्यात पाणी झालं होतं तेव्हा," त्या म्हणाल्या. "आल्यावर दोन महिने पट्टा बांधून होते. मला म्हणाले, तो तालमीतला पोरगा बरोबर होता म्हणून खाली आलो, नाहीतर डोली करावी लागली असती. आणि डोलीला पैसे कुठं होते?"

मी काय बोललो आठवत नाही. एवढं आठवतं की बसस्टँडवर येऊन एकटाच हसलो, आणि हसता हसता मिरजेची बस चुकली.

पुढच्याच वर्षी एकटा गेलो. आता ब्रॉडगेज झालं होतं, मुंबईहून थेट जुनागढ. रात्री अकराला काठी भाड्यानं घेऊन चढायला लागलो, कारण आता सगळेच रात्री चढतात. पायऱ्यांवर निम्मी मराठी माणसं. पुण्या-नाशकाचे ग्रुप, "अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त", मोबाइलवर लावलेली दिगंबरा. दत्तभक्त संन्यासी टेंब्येस्वामींनी दिलेला हा दिगंबराचा गजर. ते स्वतः कधी वाहनात बसले नाहीत, सगळा देश पायी हिंडले, याची आठवण त्या पायऱ्यांवर येतेच. दोन श्वास, चार सोडणं चालू होतं. गोरक्ष शिखरावर पोचलो तेव्हा अजून अंधार होता. गुजरातमधली ही सर्वांत उंच जागा. गोरक्षनाथांपासून गहिनीनाथ, त्यांच्यापासून निवृत्तिनाथ, त्यांच्यापासून ज्ञानदेव. म्हणजे आमच्या आळंदीचा दोर इथून सुटलेला. त्या थंडीत तो विचार चांगली ऊब देऊन गेला.

दत्तशिखरावर रांग होती. पादुकांपुढे मला मोजून दहा सेकंद मिळाली. मागून "चलो, चलो". जैन बांधवांसाठी ही जागा नेमिनाथांच्या निर्वाणाची, आपल्यासाठी दत्तात्रेयांची. दोघांचाही जीव त्या चिमूटभर जागेत अडकलेला, त्यामुळे पोलीसही उभे. मी डोकं टेकवलं आणि खरं सांगतो, काहीही झालं नाही. ना रोमांच, ना अश्रू. पायऱ्या उतरताना डावा खांदा तेवढा रिकामा वाटला.

यंदाची खेप तिसरी. निवृत्तीनंतर मी पण पहाटेचा वर्ग घेतो. फी नाही. सतरंज्या झाडायची पाळी आहे. दोन वर्षांपासून माझ्या उजव्या गुडघ्याची गादी झिजलीय, वज्रासन बंद, मी खुर्चीवर बसून बाकीच्यांना वज्रासन शिकवतो. लोक हसतात, मीही हसतो. वर्गातले सहा जण मागे लागले, काका, गिरनारला चला, आता रोप-वे आहे.

रोप-वेचं मला वावडं नाही. २४ ऑक्टोबर २०२० ला तो सुरू झाला, तळेटीपासून अंबाजीपर्यंत सव्वादोन किलोमीटरहून थोडा जास्त. आठ-दहा मिनिटांत वर. खाली पायऱ्यांची रेघ दिसते आणि तीवर मुंग्यांसारखी माणसं. ज्या पायऱ्या मला सव्वीस वर्षं पुरल्या त्या अशा गपकन मागे पडल्या याचं जरा वाईट वाटलं, पण काचेला नाक लावून बघत बसलो, लहान पोरासारखा. वारा जोरात असला की रोप-वे बंद ठेवतात. आमच्या नशिबानं हवा पडलेली होती.

अंबाजीच्या ओट्यावर पाच मिनिटं बसलो. तोच ओटा की दुसरा, कोण जाणे, फरशा बदलल्यात.

गोरक्ष शिखर येईपर्यंत गुडघ्यानं सांगून टाकलं. तिथून पुढे खोल उतार, पुन्हा चढण, आणि तेवढंच परत. होणार नव्हतं. मी पाच जणांना म्हटलं, तुम्ही जाऊन या, कुंडावर जेवून या. सहावी एक मुलगी, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला, कबड्डी खेळते, सगळ्यांच्या पुढे चढत होती. तिला म्हटलं, "तू थांब. मला अंबाजीपर्यंत तुझा आधार लागेल." खांदा दे असं तोंडावर आलं होतं, पण आपल्याकडे त्या शब्दाचा अर्थ भलताच होतो, म्हणून गिळलं.

तिचं तोंड उतरलं. दत्तशिखर समोर दिसत होतं, झेंडासुद्धा दिसत होता. मला फार अपराधी वाटलं. पण दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर भार टाकला असता तर दोघंही घरंगळलो असतो.

उतरताना मी हात तिच्या खांद्यावर ठेवला. आणि तेव्हाच ठरवलं की हिला सव्वीस वर्षं घोळात ठेवायचं नाही.

"हे बघ," मी म्हटलं, "तुला का थांबवलं ते सांगतो. माझा गुडघा दुखतोय. तुझे खांदे बळकट आहेत. बाकी काही नाही. पुढच्या वर्षी तू आपली आपण ये, दर्शन घे."

"हो काका," ती म्हणाली.

पन्नासएक पायऱ्या ती काही बोलली नाही. दोन पायऱ्या श्वास, चार पायऱ्या सोडणं, तिचं मला ऐकू येत होतं. माझा हात तिनं दुसऱ्या हातानं धरून नीट बसता केला.

"काका," ती म्हणाली, "पण खरं कारण सांगा ना."