फुकटच्या रिमिक्समध्ये खोट कशाला काढता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: "भाऊ, पोट्टे हौसेनं करते, फुकटात करते, कोणाचं काही घेत नाही. मंग तुमी त्याईच्या गाण्यात खोट कायले काढता?" आमच्या साळ्यानं विचारलंय, मंडपवाल्यानं विचारलंय, आणि ज्यांच्या गाण्यात मी खोट काढली त्यांच्यापैकी काहींनी तर जरा तावातच विचारलंय.

आधी प्रकरण काय ते थोडक्यात. जुन्या व्हिडिओ गेममधलं संगीत घ्यायचं आणि आपल्या पद्धतीनं नव्यानं बांधायचं, म्हणजे रिमिक्स करायचं, हा नाद जगभर आहे. मारिओची चाल कोणी गिटारवर घेतो, कोणी तिला ऑर्केस्ट्रात बसवतो, आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यात, काही पोट्टे तिला संदलच्या, म्हणजे मिरवणुकीत वाजतो त्या, ठेक्यावर चढवतात. दिवसा कोणी कृषी केंद्रात बसतो, कोणी डीजेच्या गाडीवर असतो; रात्री लॅपटॉप उघडून एफएल स्टुडिओ नावाच्या गाणी बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम चालतं. मी शेती बघतो, लग्नसराईत साउंड भाड्यानं देतो, गावच्या भजन मंडळात पेटी वाजवतो. याला कान आहे असा लोकांचा समज, म्हणून फाइल माझ्याकडे येते. खाली एकच ओळ असते, 'ऐकून सांगा भाऊ.'

ती ओळ नसेल तर मी तोंड उघडत नाही. ती असेल तर मात्र 'जबरा' म्हणून मोकळा होत नाही. 'जबरा' म्हणणारे आणि खाली आगीची चित्रं टाकणारे त्याच्याकडे भरपूर आहेत. त्यातल्या निम्म्यांनी गाणं अर्ध्यावर बंद केलेलं असतं. आमच्याकडे गावोगाव खंजेरी भजनाच्या स्पर्धा होतात, तिथेही सगळे हौशीच. दिवसभर कापूस वेचून आलेली माणसं रात्री स्टेजवर बसतात. समोर परीक्षक वही घेऊन ताल, सूर, चाल, शब्दोच्चार असे गुण मांडत असतो. त्याला कोणी विचारत नाही, की देवाच्या नावाचं, फुकटचं गाणं, तुम्ही त्याला गुण कसले देता? उलट गुण कमी पडले तर मंडळवाले दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जातात, कुठं चुकलं ते विचारायला. त्यातली कितीतरी भजनं सिनेमाच्या चालींवर बांधलेली असतात, आणि मागे सतरंजीवर बसलेल्या म्हाताऱ्यासुद्धा सांगतात, "शब्द चालीत बसले नाही वो." म्हणजे ओळखीच्या चालीवर नवं काम कसं जोखायचं हे गावाला चांगलं कळतं. गेमच्या गाण्याचं नाव काढलं की तेवढं विसरायला होतं.

आता ही चाल आमच्या कानात बसली कशी, तेही सांगायला हवं. तालुक्याच्या बाजारात टीव्ही गेम मिळायचे, जपानच्या फॅमिकॉम नावाच्या गेमयंत्राच्या स्वस्त नकला. पिवळ्या कॅसेटवर '९९९९ इन १' छापलेलं, आत तेच पाच-पंचवीस खेळ फिरून फिरून. कॉन्ट्रा असायचाच, मारिओ असायचाच. या खेळांत मधेच थांबून पुढं दुसऱ्या दिवशी सुरू करायची सोय नव्हती. त्यात आमचं लोडशेडिंग. तिसऱ्या टप्प्यावर पोचलं की लाईन जायची. लाईन आली की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे पहिल्या टप्प्याची चाल आम्हाला झोपेत म्हणता येईल आणि शेवटच्या टप्प्याची कित्येकांनी ऐकलेलीच नाही. आमच्याकडून येणारी रिमिक्सं बहुतेक पहिल्या टप्प्याचीच असतात. कारण सांगितलं की मुंबईकडचे लोक हसतात.

तर जोखायचं कसं? माझा सगळा हिशेब एका प्रश्नावर चालतो: मूळ चालीत संगीतकाराचा नाइलाज कुठला होता आणि मर्जी कुठली? नाइलाज खुशाल बदला, कोणी विचारणार नाही. मर्जीला हात लावायचा असेल तर कारण पाहिजे, आणि ते कारण गाण्यातच ऐकू आलं पाहिजे.

फॅमिकॉमच्या चिपमध्ये आवाजाच्या पाच वाटा होत्या. दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी लहरीची, एक नुसत्या खरखराटाची, आणि एक आधीच रेकॉर्ड केलेल्या आवाजाचे छोटे नमुने वाजवायची. प्रत्येक वाटेवर एका वेळी एकच सूर. त्रिकोणी वाटेवर बहुतेक वेळा बेस वाजायचा, आणि तिला आवाज कमी-जास्त करायची सोयच नव्हती. एक तर वाजेल, नाही तर गप्प बसेल. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये संगीतकार कोजी कोंदोंना एवढ्यात भागवायचं होतं, आणि चित्रं, खेळ, संगीत सगळं मिळून पूर्ण कॅसेट ४० किलोबाइटची. सकाळी येणारं 'शुभ प्रभात'चं गुलाबाचं चित्र त्याहून जड असतं. तरी ती चाल अशी बसली, की २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं तिला राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतलं. गेमच्या संगीताला हा मान पहिल्यांदाच मिळाला.

आता त्या चालीतला बेस ऐका. सूर तुटक आहेत, मधे मोकळी जागा आहे. आवाज हळूहळू विरत नेता येत नाही हा नाइलाज. पण त्या नाइलाजातून जी उडी आली, ती पुढं मर्जी झाली. मारिओ पळतो, उडतो, तो त्या मोकळ्या जागांवर. एका पोरानं तिथं सलग घुमणारा लांबलचक बेस भरला. अठरा इंची बॉक्सवर छाती हलते, नाही असं नाही. पण मारिओ चालायला लागला, पळेना. मी त्याला एवढंच लिहिलं, की बेसचा सूर अर्ध्यावर तोड आणि पुन्हा ऐक, बाकी कशाला हात लावू नको.

उलटा प्रकारही होतो. कमोडोर ६४ नावाच्या जुन्या संगणकात, १९८२ च्या, आवाज तीनच होते. तिथले संगीतकार एकाच आवाजावर तीन सूर इतक्या भरभर फिरवायचे की कानाला ते एकत्र, कॉर्डसारखे, वाजल्याचा भास व्हायचा. ती किलबिल त्या काळची ओळखच आहे. एकानं तसली चाल घेतली आणि ती किलबिल जशीच्या तशी व्हायोलिनच्या ताफ्याला वाजवायला दिली. अरे बाबा, तुझ्याकडे आता वीस व्हायोलिनं आहेत! तिघांनी तीन सूर धरले की काम झालं. गरिबीत केलेली युक्ती होती ती, तिची नक्कल श्रीमंतीत कशाला? चिपचाच आवाज ठेवला असता तर गोष्ट वेगळी, तेव्हा ती किलबिल शोभते.

माझ्या कानानं सगळ्यात जास्त वेळ घेतला तो पाण्याखालच्या चालीच्या रिमिक्सनं. मारिओ पाण्यात पोहतो तिथली चाल तीनच्या गतीत आहे, वॉल्ट्झ. आपल्याकडे दादऱ्यावर डोलावं तशी ती डोलते, आणि ते मुद्दाम आहे, पाणी त्या डोलण्यात आहे. पोरानं ती चारात आणली, कारण त्याचा ढोल चारात वाजतो. तीनची ओळ चारात बसवायची तर एक मात्रा कुठून तरी आणावी लागते. यानं प्रत्येक ओळीचा शेवटचा सूर ताणला. पहिल्यांदा ऐकताना मजा वाटते. नंतर तोच सूर दर ओळीला ताणलेला ऐकून जीव टांगणीला लागतो. मी मूळ चाल लावली, मग त्याचं गाणं लावलं, मांडीवर ताल धरून दोन्ही पुन्हा ऐकलं. मग सापडलं. १ मिनिट ४० सेकंदांच्या आसपास त्यानं ढोल थांबवून नुसतं डफडं ठेवलं होतं, आणि तिथं डफड्याची टिपरी आपोआप सहाच्या, म्हणजे तीनच्या दुपटीच्या, चक्रात गेली होती. तेवढ्या आठ-दहा ओळी चाल पुन्हा पाण्यात उतरली होती. त्याला ते माहीतही नव्हतं. त्याच्या सांगण्याप्रमाणे त्या तुकड्यात ढोलाचा नमुना बसतच नव्हता, म्हणून त्यानं काढून टाकला होता. मी लिहिलं, "हाच तुकडा गाणं आहे. ढोल ठेवायचाच असेल तर त्याला सहात आण." त्याचं उत्तर आलं, "भाऊ, सहात पब्लिक नाचत नाही." आता याला काय बोलणार! त्याच्या जागी तोही बरोबर आहे. वरातीसाठी करायचं असेल तर तो चारच ठेवेल आणि मी त्याला चूक म्हणणार नाही. फक्त वरातीचं गाणं आहे असं सांगून पाठवावं, म्हणजे मी पाणी शोधत बसणार नाही.

शेवटाचा घोळ सगळ्यांचाच असतो. गेमची चाल संपत नाही, खेळणारा संपतो. मेमरी थोडी, म्हणून तोच तुकडा गोल फिरतो. रिमिक्सला मात्र कुठं तरी थांबावं लागतं, आणि तिथं बहुतेक जण आवाज हळूहळू कमी करून पळ काढतात. मला त्याचा राग येतो. एकानं मात्र फार छान केलं. मारिओत वेळ शंभराच्या खाली गेला की संगीत एकदम जलद होतं, घाई कर म्हणून. यानं शेवटच्या फेरीला ती जलद गती आणली, वाढवत नेली आणि तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा, घेऊन थांबला. भजनात शेवटी लय चढवतात तेच. खेळातलीच खूण घेऊन त्यानं शेवट बांधला, बाहेरून काही चिकटवलं नाही. अशा वेळी मी 'जबरा' लिहितो, आणि का जबरा तेही लिहितो.

काही जण दुसऱ्या टोकाला असतात. मुळाला हातच लावू नका, बिघडवता तुम्ही, म्हणतात. त्यांना मी टेट्रिसची आठवण करून देतो. १९८९ च्या गेमबॉयवरची, म्हणजे हातात धरून खेळायच्या यंत्रावरची, ती प्रसिद्ध चाल मुळात रशियन लोकगीताची, 'कोरोबेइनिकी'ची, आणि त्याचे शब्द नेक्रासोव्हच्या १८६१ च्या कवितेतले. फेरीवाल्याच्या गाण्यावर आपण विटा रचत होतो. ज्याला तुम्ही मूळ म्हणता तेच कोणाचं तरी रिमिक्स निघालं. आणि १९९६ च्या कर्बी सुपर स्टार या गेममधल्या एका चालीला जॅझच्या बिग बँडमध्ये नव्यानं बांधल्याबद्दल '८-बिट बिग बँड'च्या मांडणीला २०२२ साली ग्रॅमी मिळालं. तेव्हा हे पोरखेळ म्हणून सोडून द्यायचं प्रकरण नाही.

मिक्सिंगबद्दल मी फार बोलत नाही, कारण तिथं चुका सगळ्यांच्या सारख्याच. सगळे मीटर लाल. ढोल, बेस, चाल, सगळं शेवटच्या काट्यापर्यंत चढवलेलं, आणि वरून लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक हद्दीच्या वर जाऊ न देणारं साधन, दाबून बसलेला. मग गाणं मोठं वाजत नाही, सपाट वाजतं. मी गाणं आधी मोबाईलच्या स्पीकरवर ऐकतो, मग साउंडच्या बॉक्सवर. मोबाईलवर खालचा बेस जवळजवळ नसतोच, तिथंही चाल ओळखू आली तर बांधणी पक्की. बॉक्सवर चाल ढोलाखाली गेली तर ढोल खाली घ्या, चाल वर चढवू नका. एवढंच सांगतो. ऐकणारे थोडे.

आणि एक बोलणं मी कटाक्षानं टाळतो, ते म्हणजे 'मजा नाही आली'. मजा माझी, गाणं त्याचं. कुठल्या सेकंदाला काय झालं ते लिहिता येत नसेल तर माझंच ऐकणं कच्चं राहिलं. त्या दिवशी मी काही लिहीत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकतो. मला हेवी मेटल आवडत नाही; तर मेटलवाल्याला मी पहिल्याच ओळीत तसं सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या बोलण्याला किती किंमत द्यायची ते त्याचं तो ठरवेल.

तेव्हा साळेबुवांना माझं उत्तर असं: पोरगं रात्ररात्र जागून बेसचा एक सूर इकडचा तिकडं करतं, ते ऐकणारा कोणी असावा म्हणून. ते हललेलं कोणाच्या ध्यानातच आलं नाही, तर त्याचा जास्त अपमान आहे. खोट काढली म्हणून ज्यानं राग धरला, त्यानं नंतर दुसरी फाइल पाठवली. ज्याला नुसतं 'छान' म्हटलं, त्याची काही आली नाही. यावरून काही सिद्ध होतं असा माझा दावा नाही, पण माझ्यापुरतं मला पुरतं.

ज्यांना पाठवायचं असेल त्यांनी पाठवा. मूळ चाल कुठल्या खेळाची, कुठल्या टप्प्याची ते लिहा, शेवटच्या टप्प्याची असेल तर मूळही सोबत जोडा; आमच्याकडे लाईन तिथवर टिकली नव्हती. फोनसमोर फोन धरून रेकॉर्ड केलेली व्हॉइस नोट नको, सरळ फाइल द्या. आणि सोयाबीनच्या सोंगणीत उत्तराची घाई करू नका.