आत्याचे ४२ आणि ४६

परवा रात्री दादाचा, म्हणजे आत्याच्या मुलाचा, फोन आला, आवाज पार पडलेला. म्हणाला, "आईचं वाढलंय गं. मार्चात ४२ होतं, आता ४६ आलंय. गोळ्या चालू आहेत, समुपदेशन चालू आहे, तरी वाढलंय." मी विचारलं कशात ४२ आणि कशात ४६, तर म्हणतो कशात म्हणजे, त्या प्रश्नांच्या फॉर्ममध्ये.

आत्या कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीची. २०१९ च्या ऑगस्टात गावात पाणी शिरलं तेव्हा तिनं गोठ्यातल्या दोन म्हशी सोडल्या, तिसरीचं दावं ओढून ओढून इतकं आवळलेलं की सुटेना, आणि तोवर बोटीवरची पोरं हाका मारायला लागली. घरातली माणसं सगळी सुखरूप निघाली. पण तेव्हापासून पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की आत्या अंथरुणात उठून बसते, आणि भाकरी थापता थापता मधेच म्हणते, विळा घेऊन जायला पाहिजे होतं मी. इतकी वर्षं आम्ही सगळे "होईल गं बरं" म्हणत राहिलो, याचं मला फार वाईट वाटतं. यंदा मार्चात कुठं दादा तिला डॉक्टरांकडं घेऊन गेला. मग जुलैत दुसऱ्या दवाखान्यात दाखवलं, तिथं पुन्हा फॉर्म भरून घेतला.

मी दादाला दोन्ही कागदांचे फोटो पाठवायला सांगितले. माझं शिक्षण मानसशास्त्रातलं, त्यामुळं बघताच कळलं, दोन्ही फॉर्म मोठ्या आघातानंतरचा मानसिक त्रास मोजायचे, पण वेगळे. मार्चातला पीसीएल-५, २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, म्हणजे एकूण ८० पैकी. जुलैतला आयईएस-आर, २२ प्रश्न, त्यालाही ० ते ४, एकूण ८८ पैकी. दादा हुशार, लगेच कॅल्क्युलेटर काढला, म्हणाला ४२ म्हणजे साडेबावन्न टक्के आणि ४६ म्हणजे बावन्न पूर्णांक तीन, मग तेवढंच आहे की! आणि खूश झाला. मला त्याला सांगावं लागलं की बाबा, हेही चालत नाही.

कसं सांगायचं ते सुचेना, मग म्हटलं पुराचंच घे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे आपल्याकडं पोरासोरांना पाठ आहे. सांगलीत आयर्विन पुलावर तेच ४० आणि ४५. मग ४४ फूट पाणी म्हटलं तर इथं आपण धोक्याच्या वर गेलो आणि सांगलीवाले अजून एक फूट खाली. आणि राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी, ते तर फुटात मोजतच नाहीत. सगळी माहिती पाण्याचीच, पण बंधाऱ्याच्या फुटातनं पुलाचे फूट वजा करून पाणी चढलं का उतरलं असं कोण सांगतं का? दादाला हे लगेच पटलं, कारण जुलैत तो दर दोन तासांनी पातळीचा मेसेज बघत बसतो.

बरं, नुसत्या आकड्याच्या मापाचा प्रश्न नाही. पीसीएल-५ गेल्या एका महिन्याचं विचारतो, आयईएस-आर गेल्या सात दिवसांचं. मार्चातला तो महिना म्हणजे कोरडा, नदी पात्रात, आणि जुलैतले ते सात दिवस म्हणजे रात्रंदिवस पाऊस. त्या आठवड्यात आत्याला झोप आली असती तर नवलच.

आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की पीसीएल-५ मध्ये स्वतःला दोष देण्याबद्दल थेट प्रश्न आहे. २०१३ साली डीएसएम-५, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका, आली, त्यात हे लक्षण पीटीएसडीत, म्हणजे आघातानंतरच्या मानसिक आजारात, घेतलं आणि फॉर्म त्यावरच बेतलेला. आयईएस-आर १९९७ चा, त्यात आठवणी मनात घुसणं, टाळणं आणि सतत दचकत राहणं हे तीन भाग, अपराधीपणाचा प्रश्नच नाही. म्हणजे आत्याचं जे मुख्य दुखणं, ती तिसरी म्हैस, ती जुलैतल्या ४६ मध्ये मोजलीच नाही. त्यामुळं ४६ हा तिच्या त्रासाच्या वेगळ्याच तुकड्याचा आकडा आहे.

घोळ व्हायला आणखी एक कारण, दोन्हीकडं ३३ हाच आकडा ऐकू येतो. पीसीएल-५ ला ३१ ते ३३ च्या वर गेलं की नीट तपासा म्हणतात, आयईएस-आरला पण बऱ्याच ठिकाणी ३३ च धरतात. माणसाला वाटणारच की एकच पट्टी आहे. आणि जुना पीसीएल तर अजून वेगळा, १७ प्रश्न, १ ते ५ गुण, म्हणजे "मला काहीच त्रास नाही" असं सगळीकडं सांगणाऱ्यालाही १७ मिळणार! जुन्या पीसीएलचा आकडा नव्यात कितीला बसतो याचं जुळणीचं टेबल अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरनं केलंय, पण ती माणसं वेगळी, त्यांचा आघात वेगळा, चिखलीच्या बाईला ते डोळे झाकून लावायचं मला तरी धाडस होणार नाही.

मग मी आत्याशीच बोलले. फॉर्म कसा भरला विचारलं. मार्चात सिस्टरनं एकटीला बसवून वाचून दाखवला, जुलैत सुनेनं वाचला आणि शेजारी मामा, म्हणजे आत्याचे यजमान, बसलेले. आत्या म्हणाली, "त्यांच्यासमोर काय सांगू बाळा, ते म्हणतात म्हशीपायी कशाला रडतीस." नदीकडं जायचं टाळता का, याला तिनं "अजिबात नाही" सांगितलं. मी म्हटलं शेवटचं कधी गेलीस संगमावर? तर म्हणे, "कामच नसतं की तिकडं." पुराआधी दर सोमवारी जायची ती. असं खोदून विचारायची सोय फॉर्ममध्ये नसते, त्यासाठी कॅप्स-५ सारखी मुलाखत असते, ३० प्रश्न, पाऊण ते एक तास, जाणकार माणूस समोर बसून उदाहरणं मागतो आणि मग स्वतः गुण देतो. त्याचीही बेरीज ८० पैकीच, पण म्हणून पीसीएलचे ४२ आणि कॅप्सचे ४२ एक धरू नका.

आता दादानं पहिल्या डॉक्टरांशी बोलून ठरवलंय की पुढच्या वेळी पुन्हा पीसीएल-५ च, त्याच सिस्टर वाचणार, आत्या एकटी बसणार, आणि एकदा पूर्ण मुलाखतही घ्यायची. फाईलमधल्या दोन्ही कागदांवर मी फॉर्मचं नाव, किती पैकी, किती दिवसांचं, कुणी वाचलं आणि तेव्हा पाऊस होता का, हे पेननं लिहून ठेवलं.

आत्या बघत होती. म्हणाली, "म्हशीचं विचारतील काय गं पुढच्या टायमाला?"

म्हटलं, होय आत्या, विचारतील.