रेझिस्टिव्हिटीची दुरुस्ती: आधी पाण्याचा थर पाहा

डीप आणि शॅलो लॅटरोलॉगवरून (बोअरमध्ये उपकरण उतरवून भिंतीपासून लांबवर आणि जवळ घेतलेल्या विद्युत मोजण्यांवरून) थराची खरी रेझिस्टिव्हिटी, म्हणजे विद्युतरोधकता, काढायचं काम आता मार्गी लागलंय. पुण्यात पायाखाली सगळा बेसॉल्ट, आणि रेझिस्टिव्हिटीवरून खडकातल्या पाण्याचा वाटा काढणारं आर्चीचं १९४२ चं समीकरण वाळूच्या खडकावर बेतलेलं. त्यामुळे सध्या कॅन्सस भूगर्भ सर्वेक्षणाच्या खुल्या लास फाइल्सवरच (बोअरच्या मोजण्यांच्या संगणकीय फाइल्स) हात बसवतोय.

बोअरच्या व्यासाची दुरुस्ती चार्टवरून उरकली. मग तापमान. फाइलच्या हेडरवर मड फिल्ट्रेट (ड्रिलिंगच्या चिखलातून गळून थरात शिरणारं पाणी) ०.१६ ओम-मीटर, तेही २४ अंशांना. थरात ५० अंश. तापमानाच्या दुरुस्तीच्या आर्प्सच्या सूत्राने (२४ + २१.५) भागिले (५० + २१.५) ने गुणलं की ०.१० येतो. थरातलं पाणी ०.०५, म्हणजे फिल्ट्रेटपेक्षा खारट. तेव्हा निव्वळ पाण्याच्या थरात शॅलोचा आकडा डीपपेक्षा जास्त दिसायला हवा, आणि तसाच दिसतो: डीप १.४, शॅलो १.६.

फिल्ट्रेट मध्यम खोलीपर्यंत शिरलं असेल तर चालणारं ढोबळ सूत्र म्हणजे डीपची १.७ पट वजा शॅलोची ०.७ पट. इथे उत्तर १.२६. सच्छिद्रता २० टक्के धरून आर्ची लावला तर पाण्याची संपृक्तता (छिद्रांतला पाण्याचा वाटा) जवळपास १०० टक्के. दुरुस्तीशिवाय तीच ९४ येत होती, म्हणजे पाण्याच्या थरात सहा टक्के तेल! माझ्या मते दुरुस्तीची खरी परीक्षा हीच. इथे शंभर जुळले तरच वरच्या तेलाच्या थराकडे जावं. तिथे डीप २०, शॅलो १२. खरी रेझिस्टिव्हिटी २५.६ आणि संपृक्तता २५ वरून २२ वर उतरते.

सगळ्यात जास्त वेळ थरांच्या सीमांनी खाल्ला. डीप आणि शॅलोचे वक्र खोलीत अर्धा फूट जरी सरकलेले असले, तरी सीमेवर हे सूत्र वेडेवाकडे आकडे देतं. शॅलो डीपच्या २.४३ पटीपुढे गेला की उत्तर चक्क ऋण! म्हणून आधी गॅमा रेशी (खडकाच्या नैसर्गिक किरणोत्साराच्या नोंदीशी) खोली जुळवायची, मगच वजाबाकी. मीटरभरापेक्षा पातळ थर मी अजून हातातच घेतलेले नाहीत. तिथे शेजारच्या थरांचा परिणाम वेगळा काढावा लागतो.

पुढचा टप्पा बेसॉल्टचा. कुणाकडे पुणे परिसरातल्या पाण्याच्या बोअरचे १६ आणि ६४ इंची नॉर्मल लॉग (तेवढ्या अंतरावरच्या इलेक्ट्रोडनी घेतलेल्या रेझिस्टिव्हिटीच्या नोंदी) असतील तर जरूर कळवा. फुटलेल्या, सच्छिद्र बेसॉल्टात आर्चीचे घातांक जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण बोअरच्या पाण्याचं तापमान आणि व्यास यांची दुरुस्ती तिथेही करावीच लागेल.