टायबेरियसचा डिनेरियस ओळखताना: माझा अनुभव

एखादं रोमन नाणं आपल्याकडे असावं हे खूप वर्षं मनात होतं, शेवटी इथे लंडनमध्ये एका डीलरकडून रोमन सम्राट टायबेरियसचा डिनेरियस, म्हणजे त्या काळचं चांदीचं नाणं, घेतला. बिलावर सगळं लिहिलेलं होतंच पण मला ते स्वतः पडताळून बघायचं होतं. आधी वजन केलं, 3.7 ग्रॅमच्या आसपास भरलं, म्हणजे ठीक. आत तांबं आणि वरून चांदीचा पत्रा असली खोटी नाणी त्या काळातही चालायची, म्हणून कड भिंगाखाली फिरवून फिरवून बघितली, कुठे चांदी सुटलीय का, हिरवट काही दिसतंय का. काही नव्हतं.

खरा वेळ गेला तो अक्षरं लावण्यात. शब्दांमध्ये धड जागा सोडलेली नसते, यूच्या जागी व्ही, त्यात झीज. टॉर्च एका बाजूने तिरका धरून नाणं हळूहळू फिरवत गेले तेव्हा कुठे लागलं, 'टीआय सीझर डिवी ऑग एफ ऑगस्टस', म्हणजे टायबेरियस सीझर ऑगस्टस, देवपदाला गेलेल्या ऑगस्टसचा मुलगा. आता टायबेरियस हा मुळात ऑगस्टसच्या, म्हणजे आधीच्या सम्राटाच्या, बायकोचा मुलगा, इ.स. 4 मध्ये दत्तक घेतलेला, आणि नेमकं तेच नातं नाण्यावर! लीजनमधल्या, म्हणजे रोमन सैन्याच्या तुकडीतल्या, साध्या शिपायाचा पगार तेव्हा वर्षाला 225 डिनेरियस होता, म्हणजे ज्याने रोम कधी बघितलं नाही त्याच्याही मुठीत हा वारसाहक्क पोचत होता. केवढी ताकद आहे ही.

नाण्याच्या मागच्या बाजूला खुर्चीवर बसलेली बाई, हातात राजदंड आणि फांदी. बरेच जण तिला लिव्हिया, म्हणजे टायबेरियसची आई मानतात. इ.स. 14 ते 37 अशी त्याची कारकीर्द आणि जवळजवळ सगळा वेळ हेच डिझाइन आजच्या फ्रान्समधल्या लिऑनच्या टांकसाळीत पाडत होते, त्यामुळे नेमका प्रकार ठरवायला कॅटलॉग उघडून खुर्चीचे पाय जुळवत बसावं लागतं, साधे आहेत की नक्षीचे. माझ्या नाण्यावर नक्षीचे आहेत, केसाएवढ्या रेघा, आणि कारागिराने त्या ठशात उलट्या कोरल्यात, मग खाली एक ठसा, वर एक, मधे चांदीची चकती आणि हातोड्याचा घाव. माझ्या नाण्यावर तो घाव जरा सरकलाय, मागची शेवटची अक्षरं कडेबाहेर गेलीत, आणि मला ते फार आवडतं, कारण तिथे माणसाचा हात दिसतो.

प्रकार ठरला. आता जुने ऑक्शन कॅटलॉग चाळतेय, हेच नाणं आधी कोणाकडे होतं ते शोधायला.